प्रमिलाचे शनिवार

ग्वेल्फ,
रविवार, १५ जानेवारी २०१७

प्रिय प्रमिला,

तुझे तिळगूळ पोचले. निम्म्यांचा वाटेत भुगा झाला होता, तो मी चमच्याने खाल्ला. तू गोड बोल म्हणतेस, पण आज माझ्याकडे गोड बोलायला काही नाही. लॅबच्या नव्या मॅनेजरविरुद्धची माझी तक्रार मंडळाने फेटाळली.

शुक्रवारी लॅबमधून घरी आले तर पाकीट आलेलं. बूटसुद्धा काढले नाहीत, तसंच फोडलं. मी कोण, कुठली, या सरकारी लॅबमध्ये दुधाचे आणि मांसाचे नमुने किती वर्षं उतरवून घेते, नवी मॅनेजर किती समजूतदार आहे, असं सगळं सविस्तर लिहून शेवटी 'डिसमिस्ड'. मुलगी बघायला येऊन, पोहे खाऊन, आईवडिलांची चौकशी करून मग नकार कळवतात ना, अगदी तसं.

मी मागितलं तरी काय होतं? शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी रात्रीपर्यंत, म्हणजे शब्बाथभर, आम्ही बेने इस्राएल कामाला हात लावत नाही. अलिबागला आजोबा लावत नव्हते, ठाण्याला वडील लावत नव्हते. जुन्या मॅनेजरला सांगितलं, तर त्याने शनिवारऐवजी मला रविवार दिला आणि विषय संपला. ही बाई आली आणि तिने माझं नाव शनिवारच्या यादीत टाकलं. गेले नाही तर पगार कापला, वर लेखी ताकीद दिली. तोंडावर काय म्हणाली आठवतं ना? "तू आणि प्रमिला एकच भाषा बोलता, एका डब्यात जेवता, मग तुझाच शनिवार वेगळा कसा?" म्हणजे यहुदी असायचं तर आधी कोंबडीचा रस्सा सोडायला हवा होता मी!

अपीलला महिन्याची मुदत आहे. बेन्सियनची मायरा टोरांटोला वकिलीचं शिकते, ती म्हणते, "आत्या, वी हॅव टु फाइट." माझा मात्र जीव थकला. नकाराचं कारण विचारू नकोस, तांत्रिक आहे.

बसस्टॉपवर तू शेजारी उभी असलीस की अर्धा वारा तुझ्यावर अडायचा. तू गेल्यापासून तो सगळा माझ्या अंगावर येतो. रागावू नकोस, तुझ्या आकाराबद्दल बोलत नाही. बरं, बोलतेय.

तू फोन नको म्हणालीस म्हणून कागदावर लिहिते. फोनवर प्रतापराव शेजारी असतात आणि आपल्या गप्पा आज भाजी काय केली याच्या पुढे सरकत नाहीत.

तुझी
शर्ली

—

मूस जॉ, सस्कॅचवान
२४ जानेवारी २०१७

शर्लीताई,

'तांत्रिक' म्हणजे काय गं? टीव्ही बिघडला की तांत्रिक. तुझा शनिवार काढून घेतला यात तांत्रिक काय आहे? अपील करायचंच. मी तिथे असते तर त्या बाईच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिले असते. निदान तू बोलताना मागे उभी राहिले असते.

इथे नुसतं सपाट पांढरं आहे. रात्री गाडीचा ब्लॉक हीटर लावायला विसरलं तर सकाळी गाडी म्हणजे दगड. आमच्या गल्लीत एक बाई हाय म्हणते, दुसरी तेही म्हणत नाही. मराठीत भांडायलाही कुणी नाही. शुक्रवार आला की मला तुझ्या नारळाच्या दुधातल्या माशांच्या कालवणाचा वास येतो. खरंच येतो. मग मी उगाच खिडकी उघडते आणि थंडी घरात घेते.

प्रताप बरा आहे. शाळेची पिवळी बस चालवतो. पोरं त्याला 'मिस्टर पी' म्हणतात. त्या हिवाळ्यानंतर त्याने थेंबाला शिवलेलं नाही. ताई, हे मी तुलाच लिहू शकते. तेव्हा नशामुक्ती केंद्रात दर शनिवारी घरच्या माणसाने गेलंच पाहिजे, नाहीतर त्याचं नाव काढणार, असा नियम होता आणि माझी ड्यूटीही नेमकी शनिवारी. प्रताप ट्रक घेऊन विनिपेगला गेलाय असं मी साऱ्या जगाला सांगत होते, सुट्टी कशाच्या नावाखाली मागणार? तू काही न विचारता माझे शनिवार घेतलेस. मग मीच रडत तुला सगळं सांगितलं.

त्याला मात्र अजून वाटतं की बाहेर कुणालाच ठाऊक नाही. परवा म्हणाला, "प्रमिला, कुणाला कळलं नाही म्हणून मी परत माणसांत उभा राहू शकलो." मी भाकरी थापत होते, मान वर केली नाही. तुला ठाऊक आहे हे कळलं तर तो पुन्हा कोसळेल, ही भीती माझ्या मनातून जात नाही. म्हणून ही पत्रं. टपालपेटीची किल्ली माझ्याकडे असते.

अपीलचं काय ठरलं ते लगेच कळव.

तुझी
प्रमिला

—

ग्वेल्फ,
३० जानेवारी २०१७

प्रिय प्रमिला,

ठरलं. अपील करत नाही. हे वाचून तू कपाळावर हात मारशील, मग मार आणि पुढे वाच.

माझं वय बघ. पेन्शनला अजून वेळ आहे, दुसरी नोकरी या वयात कोण देणार? पुढच्या महिन्यापासून शनिवारी कामावर जाईन. बेन्सियनला सांगितलं तर तो दोन मिनिटं गप्प बसला. त्याच्या गप्प बसण्यात आमचे आजोबा, पणजोबा आणि अलिबागचं सगळं सिनेगॉग बसलेलं असतं. शेवटी म्हणाला, "तुझं तू बघ." भावांचं हे बरं असतं.

मला वाईट वाटत नाही असं लिहिणार होते, पण तुला खोटं कशाला लिहू? वाटतं. शुक्रवारी दिवा लावला की आठवड्याभराचं ओझं खांद्यावरून कुणीतरी उतरवून घेतं. आता दिवा लावायचा आणि सकाळी डबा भरायचा. दिवा तोच असेल, पण त्याला काय अर्थ?

तो विषय राहू दे. तुझ्या जागी एक नवी मुलगी आलीय, शिवांगी. नाशिकची आहे, चांगली आहे बिचारी. "मॅम, तुम्ही टिफिन शेअर करता का?" असं विचारत होती. मी नाही म्हणाले. नंतर वाईट वाटलं, पण तुझ्या खुर्चीत बसलेल्या माणसाला लगेच घास काढून द्यायला मन तयार होईना. आज देईन.

प्रतापरावांना नमस्कार.

शर्ली

—

मूस जॉ,
४ फेब्रुवारी २०१७

शर्लीताई,

तुझ्या मायराचा मेल आला. आधीच सांगते, तिला रागावू नकोस. "प्रमिला आंटी, प्लीज डोन्ट टेल आत्या आय रोट धिस," असंच सुरू केलंय पोरीने. आणि मी पहिल्यांदा तुलाच सांगतेय.

म्हणजे हे तुझं तांत्रिक!

चौकशीवाल्याने हजेरीपट काढले. "तुमच्या धर्मात शनिवारी काम चालत नाही, मग दोन वर्षांपूर्वी अख्खा हिवाळा शनिवारी कामावर कशा होतात?" असं विचारलं. तू म्हणालीस, "कुणाच्या तरी जिवासाठी. जीव वाचत असेल तर आमच्यात शब्बाथ मोडतात." त्याने विचारलं, "कुणाचा जीव?" आणि तू गप्प. तीनदा विचारलं म्हणे. तू तीनदा गप्प. मग तुझं म्हणणं विश्वासार्ह नाही असं लिहून त्याने फाइल मिटली. हजेरीपटात त्या शनिवारांवर आधी माझं नाव होतं, म्हणून मायराने मला गाठलं.

ताई, माझे शनिवार होते ते! माझ्यासाठी तू शब्बाथ मोडलास आणि त्याचीच शिक्षा तुला मिळतेय. हे मला नको का सांगायला? कसली ताई तू? इतका राग आलाय की समोर असतीस तर आधी भांडले असते आणि मग तुला मिठी मारून रडले असते. समोर नाहीस, म्हणून नुसतीच रडतेय.

मायराला लगेच फोन केला. म्हटलं, मी लिहून देते, नवऱ्याचं नाव न घेता. ती म्हणाली, नाव नाही तर उपयोग नाही. कोण, कुठलं केंद्र, काय आजार, सगळं प्रतिज्ञापत्रावर यायला हवं, आणि ते कागद कुणीही मागून बघू शकतं. इथे पोरांचे आईबाप आहेत, बसचं ऑफिस आहे.

काल रात्री प्रतापला सांगायचं ठरवलं. जेवताना तोंड उघडलं आणि मीठ मागितलं. परत धीर केला आणि परत मीठ मागितलं. माझ्याच्याने होत नाही गं. न सांगावं तर तू बुडतेस, सांगावं तर तो. मुदत संपत आली. तूच सांग, मी काय करू?

प्रमिला

—

ग्वेल्फ,
८ फेब्रुवारी २०१७

प्रमिला,

काही करायचं नाही. ऐक माझं.

मायराशी मी बोलले. म्हणजे ओरडले. ती इंग्रजीत रडली आणि मी मराठीत समजूत काढली.

तू लिहितेस, शिक्षा मिळाली. शिक्षा कसली? त्या हिवाळ्यात मी कामावर गेले ते माझ्या मर्जीने. देवाने विचारलं तर त्याला सांगायला माझ्याकडे उत्तर आहे. चौकशीवाल्याला सांगायला नव्हतं, कारण त्याचं उत्तर माझ्या एकटीचं नव्हतं. तुझ्या नवऱ्याची लाज चव्हाट्यावर मांडून मिळालेल्या शनिवारी मी दिवा कुठल्या हाताने लावू?

आणि तो माणूस सकाळी पन्नास पोरांना सुखरूप शाळेत पोचवतोय. माझ्या सुट्टीपेक्षा ते मोठं आहे. हे मी मोठेपणाने लिहीत नाही, तसा आव आणायला मला जमतही नाही. खरं सांगायचं तर मला भीती वाटते. तो परत पडला तर तुझं काय होईल? इतक्या लांब, त्या बर्फात, एकटी. तू माझ्यापासून दूर गेलीस तेवढं मला पुष्कळ झालं. तुझ्या संसाराचं काही झालं तर मला सोसवणार नाही.

तेव्हा गप्प बस आणि मीठ कमी खा.

शर्ली

—

मूस जॉ,
९ फेब्रुवारी २०१७

आदरणीय शर्लीताई यांना प्रताप जाधवचा नमस्कार.

मला पत्र लिहायची सवय नाही. चुकलं तर सांभाळून घ्या.

प्रमिलाने जेवताना तिसऱ्या दिवशीही मीठ मागितलं. भाजीत मीठ बरोबर होतं. मी म्हणालो, "काय ते बोल एकदाचं." मग तिने सगळं सांगितलं. सांगताना ती माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी आत्ता उठून दुकानात जाईन.

ताई, तुम्हाला ठाऊक आहे हे मला माहीत होतं. सुरुवातीपासून माहीत होतं.

केंद्रातून सुटल्यावर आम्ही दोघं पहिल्यांदा शुक्रवारी तुमच्याकडे जेवायला आलो. मी यायला तयार नव्हतो. बेन्सियनभाऊंच्या घराच्या वास्तूला आलो होतो, तेव्हा त्यांनी प्रार्थना म्हणून वाइनचा पेला सगळ्यांत फिरवला होता, ते डोक्यात होतं. आता पेला पुढे आला तर काय करायचं? घेतला तर संपलो, नाही म्हटलं तर का नाही ते सांगा. तुम्ही दिवा लावला, प्रार्थना म्हटली आणि पेला माझ्या हातात दिला. त्यात काळ्या मनुकांचं सरबत होतं.

तेव्हाच समजलो. यांना ठाऊक आहे, आणि माझी लाज राखायला यांनी आपल्या देवाच्या पेल्यात सरबत भरलंय. काही बोलला नाहीत, मान वाकडी करून बघितलं नाहीत. माझ्याबद्दल सगळं ठाऊक असून कुणी मला पंगतीला बसवतं, हे त्या दिवशी कळलं. प्रमिलाला मी म्हणतो की कुणाला कळलं नाही म्हणून मी उभा राहिलो. ते तिला बरं वाटावं म्हणून. तुम्ही तिच्यासाठी लपवत होता, ती माझ्यासाठी, आणि मी तुम्हा दोघींसाठी. चांगले तिघे भेटलो.

आज सकाळी नोटरीकडे जाऊन नावगावासकट सगळं लिहून दिलं. मायराला स्कॅन पाठवलं, मूळ कागद कुरियरने निघालाय. उद्या बसच्या ऑफिसात जाऊन मीच सांगणार आहे. दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा ते बरं.

तुम्ही नको म्हणाल. पण ताई, तो जीव माझा होता. कुणाचा ते सांगायचा हक्क मला आहे.

आपला
प्रताप

—

मूस जॉ,
२० मार्च २०१७

शर्लीताई,

अपील दाखल झालं हे मायराने कळवलंच असेल. इकडचं सांगते.

बसच्या ऑफिसवाल्यांनी प्रतापचं ऐकून घेतलं, थँक यू म्हणाले आणि त्याला रूटवरून काढलं. विचार करून कळवतो म्हणाले. तो घरी बसला. ताई, ते दिवस माझे मला ठाऊक. मी कामावरून येताना घराच्या दारातच वास घ्यायची. नवऱ्याचा असा वास घेत जगणं किती वाईट, पण घ्यायची. त्याला ते कळत होतं. काही बोलायचा नाही, फावडं घेऊन बाहेर जायचा. आमच्या गल्लीतल्या सगळ्यांचे ड्राइव्हवे त्याने शोव्हल करून टाकले. हाय न म्हणणाऱ्या बाईचासुद्धा. ती आता केक घेऊन आली होती.

गेल्या सोमवारी बोलावणं आलं. डॉक्टरचा दाखला घेतला, दर तीन महिन्यांनी तपासणी ठरली आणि बस परत मिळाली. एका आईने आपल्या मुलीला त्या बसमधून काढून घेतलं. ते त्याला फार लागलं. त्या रात्री जेवला नाही. पण सकाळी उठला आणि बस घेऊन गेला.

आता मी वास घेत नाही. घेतला तरी कमी घेते.

तुझी
प्रमिला

—

ग्वेल्फ,
रविवार, २५ जून २०१७

प्रिय प्रमिला आणि प्रतापराव,

आता दोघांना मिळूनच लिहिते. तीन माणसांत तीन लपवाछपव्या सांभाळायचं माझं वय राहिलं नाही.

वरच्या पॅनेलने पहिला निकाल रद्द केला. फोनवरून झालेली ती सुनावणी मी विसरणार नाही. टेबलाच्या मधोमध ठेवलेल्या त्या काळ्या फोनमधून प्रतापरावांचा आवाज आला आणि माझे डोळे भरले. लॅबच्या वकीलबाईंनी विचारलं, तुमचा जीव खरोखर धोक्यात होता याला पुरावा काय? तुम्ही म्हणालात, "मॅडम, आय ॲम हिअर." मायराने टेबलाखालून माझा हात इतका दाबला की अजून दुखतो. तक्रार पुन्हा उघडली म्हटल्यावर लॅबने पुढे भांडायचं सोडलं. शनिवार परत दिला, ताकीद फाइलमधून काढली. नव्या बाईंनी सॉरी म्हटलं नाही. शनिवारच्या रकान्यात माझ्या नावापुढे रेघ मारली आणि पेन खाली ठेवलं. तेवढ्यावर मी समाधान मानलं.

प्रतापराव, एक गोष्ट सांगू की नको असं फेब्रुवारीपासून चाललंय. सांगते. आमच्या घरी शुक्रवारच्या पेल्यात कायम मनुकांचं सरबतच असतं. कोकणात आमच्या लोकांना वाइन कुठली मिळायला? काळ्या मनुका भिजवायच्या, कुस्करायच्या, गाळायच्या. आजी करायची, आई करायची, म्हणून मी करते. बेन्सियनने टोरांटोला येऊन वाइन धरली, त्यावरून आमचं भांडणही झालं होतं. तेव्हा त्या संध्याकाळी तुमच्यासाठी म्हणून मी काही केलं नव्हतं. तुम्ही येणार तर मासे जास्त आणले, एवढंच. हे तुमच्यापासून लपवून ठेवता आलं असतं, पण तुम्ही माझ्यासाठी एवढं खरं बोललात, मग न केलेल्या गोष्टीचं श्रेय मी कसं घेऊ? उभे राहिलात ते तुमचे तुम्ही. सरबत नुसतं सरबत होतं.

आणि प्रमिला, आता तुझ्याशी. काल माझा पहिला हक्काचा शनिवार होता. शुक्रवारी दिवा लावला, सकाळी सावकाश उठले, प्रार्थना म्हटली, खिडकीशी बसले. कुणी अडवणार नव्हतं. वाटलं होतं, फार बरं वाटेल. वाटलं, नाही असं नाही. पण दुपार होता होता मन तुझ्या खुर्चीकडे गेलं. त्या हिवाळ्यात मी तुझ्या जागी बसून दुधाच्या बाटल्यांवर स्टिकर लावायची आणि प्रत्येक बाटलीला मनात म्हणायची, आज तो बोलू दे, आज ती रडली नसू दे. मग रविवारी तुझा फोन यायचा आणि तुझ्या नुसत्या "ताई" म्हणण्यावरून मला कळायचं, काल कसं गेलं ते. इतक्या मनापासून मी घरात बसून कधी प्रार्थना केली नाही. कालही झाली नाही. कुणासाठी करू? तुम्ही दोघं बरे आहात.

एवढं भांडून माझा शनिवार परत मिळवला, प्रमिला, आणि काल दिवसभर मला हवे होते ते तुझे शनिवार. हे देवाला सांगायची सोय नाही, म्हणून तुला सांगते.

या एकदा. शाळांना सुट्टी लागली असेल, बस उभी असेल. दोघं निघून या.

शर्ली